इन्व्हरेरी : लॉख फाइनच्या काठचे नवे गावठाण

ज्या माणसाचे स्वतःचे गाव उठले आहे, त्याला दुसरे उठलेले गाव लगेच ओळखू येते. तिथले रस्ते वाजवीपेक्षा सरळ असतात, घरे साऱ्या जणी एकाच वयाच्या असाव्यात तशी रांगेत उभी असतात, आणि देवळाची जागा देवाने नव्हे, तर नकाशा काढणाऱ्याने ठरवलेली असते. २०१४ च्या जून महिन्यात मी मुलीबरोबर स्कॉटलंडमधील इन्व्हरेरी या लहानशा ऐतिहासिक गावी गेले, तेव्हा त्याचा इतिहास मला ठाऊक नव्हता. तरीही मुख्य रस्त्याच्या तोंडाशी उभी राहून मी मुलीला म्हणाले, "हे गाव इथले नाही. हे कुठून तरी उठून आलेले आहे." तिने माहितीपत्रक उघडून पाहिले आणि माझ्याकडे बघतच राहिली.

आमचे गाव वैनगंगेच्या खोऱ्यातले. धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा ते उठले आणि चार किलोमीटर वर, मुरमाड माळावर नव्या गावठाणात जाऊन बसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. जुन्या गावातल्या कौलारू शाळेत नोकरीची पहिली वर्षे गेली आणि नव्या गावातल्या स्लॅबच्या शाळेतून निवृत्त झाले. मुलगी ग्लासगोच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने मला बोलावले तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती, की मोठी शहरे पुष्कळ पाहून होतील, मला तळ्याकाठचे एखादे खेडे दाखव. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. पाळीवर उभे राहून पाण्याकडे पाहिल्याशिवाय आमचे कोणतेही गाव पाहून झाले असे वाटत नाही.

ग्लासगोहून बसने दोन तास लागतात. आधी लॉख लोमंडचा काठ लागतो. पृष्ठभागाच्या हिशेबाने हे ब्रिटनच्या बेटावरील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर, आणि बस बराच वेळ त्याच्या कडेकडेने जात राहते. पुढे रस्ता डोंगरात शिरतो आणि एका खिंडीपाशी चढतो. अठराव्या शतकाच्या मध्यास सैनिकांनी हा रस्ता खणला आणि माथ्यावर एक दगड बसवला. त्यावर "विसावा घे आणि आभार मान" अशा अर्थाचे शब्द कोरले. आज खिंडीचे नावच ते आहे. चढावरून डोक्यावर गवताचा भारा आणणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना त्या दगडाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

खिंड उतरल्यावर लॉख फाइन दिसू लागते. लॉख म्हणजे तळे, अशी माझी समजूत होती. ती निम्मीच खरी होती, कारण तिकडे समुद्राचा जो फाटा डोंगरांच्या मधून आत शिरतो, त्यालाही लॉखच म्हणतात. लॉख फाइन हा स्कॉटलंडमधील सर्वांत लांब असा फाटा असून त्याची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आहे. गावात उतरल्यावर मी सर्वांत आधी काठावरच्या दगडांवरून खाली गेले आणि ओंजळीतले पाणी जिभेला लावले. ते खारट होते. मघाशी ज्या गोट्यांपर्यंत पाणी होते, ते गोटे अर्ध्या तासाने ओलसर उघडे पडले होते आणि त्यांच्यावर तपकिरी शेवाळाच्या पट्ट्या लोळत होत्या. आमच्या तलावाचे पाणी धानाला लागते तेव्हा उतरते आणि पावसाळ्यात चढते. दिवसातून दोनदा श्वास घेणारे पाणी मी पहिल्यांदाच पाहत होते.

या पाण्याने गावाला शतकानुशतके पोसले ते हेरिंग माशावर. गावाच्या मानचिन्हावर मासेमारीचे जाळे आहे आणि खाली लॅटिन भाषेतला जो आशीर्वाद आहे, त्याचा अर्थ असा, की तुझ्यापाशी हेरिंग सदा लटकत राहो. मला हा आशीर्वाद फार आवडला. कोणत्याही राजाने आपल्या गावाच्या चिन्हावर सिंह किंवा तलवार मागितली असती. इथे ढिवराच्या घरची बाई सांजवेळी जे मागेल तेच मागितले आहे. पुढे हेरिंग या पाण्यातून ओसरला आणि त्याबरोबर तो धंदाही गेला. आशीर्वाद तेवढा राहिला आहे.

आता गाव उठल्याची हकिकत सांगते.

हा सारा मुलूख कॅम्पबेल घराण्याचा. त्यांच्या प्रमुखाला आर्गाइलचा ड्यूक म्हणतात. एरे नावाची लहान नदी जिथे लॉखला मिळते, तिथे त्यांचा पंधराव्या शतकातला बुरूजवजा जुना किल्ला होता आणि किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेले गाव होते. इन्व्हर म्हणजे नदीचे मुख. गावाचे नाव त्यावरूनच पडले. १६४८ मध्ये त्या गावाला राजाची सनद मिळाली, बाजार आला, न्यायालय आले. जुनी गावे जशी असतात तसे ते होते, दाटीवाटीचे आणि वाकड्या गल्ल्यांचे. १७४३ मध्ये आर्चिबाल्ड हा तिसरा ड्यूक गादीवर आला तेव्हा त्याचे वय साठीच्या घरात होते. त्याने जुना किल्ला सोडून नवा बांधायचे ठरवले, आणि नव्या किल्ल्यासमोर गाव नको, मोकळे मैदान हवे, म्हणून सबंध गावच उचलून अर्ध्या मैलावरच्या टोकावर नेण्याचा बेत केला. त्या टोकाचे जुने नाव फाशीचे टोक असे होते. आज जिथे पर्यटक आइस्क्रीम खात बसतात, ती ही जागा.

किल्ल्याचा पायाचा दगड १७४६ मध्ये बसला. आराखडा रॉजर मॉरिस याचा आणि बांधकामावर देखरेख विल्यम अ‍ॅडम याची. दोघेही काम पुरे होण्याआधीच वारले आणि अ‍ॅडमच्या मुलांनी ते पुढे नेले. नव्या गावातली पहिली मोठी इमारत म्हणजे एक प्रशस्त सराई. १७६१ मध्ये आर्चिबाल्ड ड्यूकही गेला. पाचव्या ड्यूकच्या काळात रॉबर्ट मिल्न या वास्तुरचनाकाराने गावाला आजचे रूप दिले, आणि १७७० च्या दशकात उरलेले जुने गाव पाडून जमीन सपाट करण्यात आली. म्हणजे बेत झाल्यापासून शेवटचे घर पडेपर्यंत सुमारे तीस वर्षे गेली. या तीस वर्षांविषयी मी रात्री अंथरुणावर पडून पुष्कळ विचार केला. शेजारचे घर गेले आहे, आपले अजून उभे आहे, चुलीवर रोजच्यासारखे रांधायचे आहे, पण छपरावरचे फुटलेले कौल बदलायचे की नाही हे ठरत नाही, अशी वर्षे मी काढलेली आहेत. आमच्याकडे त्या काळात कोणी ओसरीसुद्धा धड सारवत नसे. नव्या गावात मिळायचे ते प्लॉट आधी ताब्यात आले आणि पिण्याच्या पाण्याची सोय त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी झाली. तोवर बाया जुन्या गावच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या.

इन्व्हरेरीचा मुख्य रस्ता मात्र मनापासून सुंदर आहे, हे लिहिले नाही तर अन्याय होईल. दोन्ही बाजूंना चुन्याने पांढरी केलेली दुमजली-तिमजली घरे, खिडक्यांभोवती काळ्या चौकटी, वर करड्या पाटीच्या दगडाची छपरे. लॉखच्या बाजूने पाहिले तर कमानींची एक पांढरी भिंत गावासमोर उभी दिसते आणि पाणी स्थिर असेल तर ती उलटी होऊन पाण्यातही दिसते. रस्त्याच्या दक्षिण भागात कामकरी लोकांसाठी बांधलेल्या लांबलचक इमारती आहेत. एकेका इमारतीत अनेक कुटुंबे, सामायिक जिना, थेट चाळच म्हणायची. पण बाहेरून त्या दिसायला सावकाराच्या घरांइतक्याच रेखीव. गरिबाच्या घराला श्रीमंताच्या घराइतकाच चांगला दर्शनी भाग देणारा माणूस मला आदरणीय वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही घरे मोडकळीला आली होती. त्यानंतर इयान लिंडसे या वास्तुरचनाकाराने ती जुन्या रूपात दुरुस्त केली, म्हणून आज आपल्याला ती दिसतात.

रस्त्याच्या मधोमध, वाहनांना वळसा घालायला लावील अशा जागी, चर्च आहे. रॉबर्ट मिल्नने आखलेली ही इमारत अठराव्या शतकाच्या अखेरीस उभी राहू लागली आणि नव्या शतकाच्या आरंभी पुरी झाली. बाहेरून एकच चर्च दिसते, पण आत आडवी जाड भिंत घालून त्याचे दोन समान भाग केलेले आहेत. एका भागात इंग्रजीतून प्रार्थना होई, दुसऱ्या भागात गेलिक या डोंगरी मुलखाच्या भाषेतून. एक छप्पर, एक देव, दोन भाषा आणि मध्ये भिंत. मी त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होते.

आमच्या झाडीपट्टीत घरात झाडीबोली चालते, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात बरीचशी हिंदी आणि पलीकडच्या टोल्यांवर गोंडी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी "पानी" म्हणणाऱ्या मुलांची पाटी खोडून "पाणी" लिहून देत असे. आता मला त्याचे वाईट वाटते. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायला खडू पुरला असता. मिल्नच्या चर्चमध्ये गेलिकला वळचणीची जागा दिलेली नाही, बरोबरीचा अर्धा भाग दिला आहे. अर्थात जागा दिल्याने भाषा टिकतेच असे नाही. गेलिक भाषेची उपासना कालांतराने बंद पडली आणि तो भाग सभागृह झाला. २०११ च्या जनगणनेत सबंध स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे जेमतेम ५७ हजार निघाले. या चर्चला उंच मनोराही होता. तो १९४१ मध्ये उतरवून घेतला, त्यामुळे इमारत आता जरा ठेंगणी दिसते.

मुख्य रस्ता जिथे पाण्याला भिडतो, तिथे तेव्हा जुना दगडी क्रूस उभा होता. याच्यासाठी मी पुन्हा एकदा तो प्रवास करीन. पुरुषभर उंचीपेक्षा मोठी, सपाट, करडी शिळा. तिच्यावर वेलबुट्टी कोरलेली आहे, एक वेल दुसऱ्यात शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो, आणि कडेने लॅटिन अक्षरांची ओळ चढत जाते. सहा शतकांच्या वाऱ्यापावसाने अक्षरे इतकी झिजली आहेत, की डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळतात. हा क्रूस एका घराण्यातील तीन पिढ्यांच्या नावाचा आहे, डंकन, त्याचा मुलगा पॅट्रिक आणि नातू मेलमोर. नातवाने तो करवून घेतला. जुन्या गावात हा क्रूस होता. गाव पाडले, किल्ला पाडला, गल्ल्या नांगरून हिरवळ केली, पण हा दगड लोकांनी मागे ठेवला नाही. तो नव्या गावात आणला गेला आणि शेवटी अशा जागी उभा राहिला, की लॉखवरून येणाऱ्या माणसाला गावाआधी तो दिसावा. त्या दिवशी सकाळपासून झड लागलेली होती आणि क्रूसाच्या एका आडव्या हातावरून पाण्याचा थेंब ओघळून, वेलबुट्टीच्या खाचेतून वाट काढत खाली येत होता. मुलीने छत्री धरली होती. मी पर्समधून चष्मा काढला, पुसला, आणि अक्षरे शोधत राहिले.

आमचा मारुती बंडीतून आला होता. गाव उठले त्या वर्षी मार्गशीर्षात पुजाऱ्याने नारळ फोडून देवाची परवानगी मागितली, शेंदराचा जाड थर असलेली ती शिळा कुणाला वाटली त्याहून दुप्पट खोल निघाली, आणि दोन बैलजोड्या लावून, भजनी मंडळाच्या टाळमृदंगात ती नव्या माळावर आणली. काढताना शेंदराचा एक मोठा पोपडा निखळला आणि आत काळा, निर्मळ दगड दिसला. तो क्षण पाहिलेली माणसे आजही त्याविषयी हळू आवाजात बोलतात.

किल्ल्यात आम्ही दोन तास होतो. हिरवट करड्या दगडाची, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज असलेली ती इमारत पावसात अधिकच गडद दिसते. बुरुजांवरची शंकूसारखी टोकदार छपरे मूळची नाहीत. १८७७ च्या आगीनंतर वर एक मजला चढवला तेव्हा ती आली. ५ नोव्हेंबर १९७५ रोजी पुन्हा मोठी आग लागली आणि बराच भाग नव्याने बांधावा लागला. मधल्या दालनाचे छत २१ मीटर उंच आहे आणि भिंतींवर बंदुका, भाले, तलवारी चक्राकार मांडलेल्या आहेत. हे सारे पाहण्यासारखे खरे, पण माझे लक्ष खिडकीबाहेर होते. नदीपर्यंत उतरत गेलेली ती मऊ हिरवळ, त्यावर एखाददुसरे जुने झाड, पलीकडे मिल्नने १७७५ मध्ये बांधलेला कमानींचा पूल, ज्याच्या मधल्या खांबावर एक गोल आरपार खिडकी आहे. आमची बस येताना याच अरुंद पुलावर सिग्नलसाठी थांबली होती आणि सगळे प्रवासी किल्ल्याचे छायाचित्र घेत होते. त्या छायाचित्रांमध्ये जी मोकळी जागा आली आहे, तिथेच कुठे तरी गल्ल्या होत्या.

न्यायालय आणि तुरुंग १८२० मध्ये बांधलेले आहेत. तुरुंग १८८९ मध्ये बंद झाला आणि १९८९ पासून तिथे संग्रहालय आहे. अर्धगोल न्यायकक्षात न्यायाधीश, पंच, आरोपी यांचे पुतळे बसवले आहेत आणि त्यांच्या मागच्या उंच खिडक्यांतून लॉख दिसते. कैद्यांनी हाताने नुसतीच फिरवायची, ज्यातून काहीच दळले जात नाही अशी एक दांड्याची पेटी कोठडीत आहे. ती मी एकदा फिरवली आणि दुसऱ्यांदा हात लावला नाही. निष्फळ श्रम ही शिक्षा शोधून काढणाऱ्याला माणसाच्या मनाची वर्मे नेमकी ठाऊक असली पाहिजेत.

या इमारतीच्या आधीचा, जुन्या गावातला एक खटला मात्र सांगितलाच पाहिजे. १७५२ च्या मे महिन्यात कॉलिन कॅम्पबेल या अधिकाऱ्याचा गोळी घालून खून झाला. तो बंडात हरलेल्या घराण्यांच्या जप्त जमिनींचा कारभार पाहत असे आणि कुळांना हुसकावून लावणार होता. मारेकरी सापडला नाही. जेम्स स्टुअर्ट या माणसाला खुनात सामील ठरवून इन्व्हरेरीला उभे केले. पंधरा पंचांपैकी अकरा कॅम्पबेल होते आणि न्यायासनावर मुख्य होता तो स्वतः आर्चिबाल्ड ड्यूक. नोव्हेंबरात जेम्सला फाशी दिले, आणि हा निरपराध माणसाचा बळी होता असे मानणारे लोक तिकडे आजही पुष्कळ आहेत. ज्या माणसाच्या नजरेत इतके देखणे गाव होते, त्याच माणसाने हा न्याय केला. मी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करू शकत नाही आणि करूही नयेत असे मला वाटते.

बाकीचे धावतच पाहिले. दहाव्या ड्यूकने युद्धात पडलेल्या कॅम्पबेलांच्या स्मरणार्थ उभारलेला, दहा घंटांचा उंच मनोरा आम्ही खालूनच पाहिला, कारण माझे गुडघे आता जिने मान्य करीत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इथल्या किनाऱ्यावर सुमारे अडीच लाख सैनिकांना बोटीतून उतरून चढाई करण्याचे शिक्षण दिले गेले. जेमतेम सहाशे वस्तीच्या या गावाने तो लोंढा कसा सामावला असेल हे आपल्या जत्रेच्या गावांना विचारावे.

परत आल्यावर सासूबाईंना छायाचित्रे दाखवली. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे आणि जुन्या गावातला त्यांचा जिव्हाळा अजून सुटलेला नाही. मे महिन्यात पाणी मागे हटले, की जुन्या विहिरीची दगडी कड चिखलातून वर येते आणि नातवाला मोटारसायकल काढायला लावून त्या ती पाहून येतात. त्यांनी किल्ला पाहिला, पांढरी घरे पाहिली, फार काही बोलल्या नाहीत. ती माणसेही आपल्यासारखीच उठवलेली होती, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

"देव संगं आनला ना त्यायनं?" त्यांनी विचारले.

मी क्रूसाचे छायाचित्र काढून बोटांनी मोठे केले. त्यांनी पडद्यावर डोळे बारीक करून वेलबुट्टी पाहिली, ओघळता थेंब पाहिला, आणि दगडावर डोके टेकवावे तसा फोन कपाळाला लावला.